जुन्या फोर-बाय-फोरमधील नवी साउंड सिस्टिम आणि पुन्हा पुन्हा परतणारी शिट्टी: समस्या निवारण

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत नवे हेड युनिट (डॅशबोर्डातला मुख्य रेडिओ-प्लेअर), ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बसवले की सुरुवातीला आवाज उत्तम लागतो. मग एखाद्या पावसानंतर किंवा खडबडीत रस्त्यावरच्या प्रवासानंतर स्पीकरमधून बारीक शिट्टी येऊ लागते. इंजिनाला रेस दिली की ती चढते आणि रेस सोडली की उतरते. केबल बदलली की शिट्टी जाते आणि काही आठवड्यांनी परत येते. फिल्टर लावला जातो, पुढे ॲम्प्लिफायरही बदलला जातो, आणि तक्रार मात्र कायम राहते. अशा वेळी नव्या उपकरणांत बहुधा काहीच बिघडलेले नसते. दोष गाडीच्या जुन्या अर्थिंगमध्ये, म्हणजे वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडण्यांमध्ये असतो, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने वायरी व जोड हलवले गेल्यामुळे तो तेवढ्यापुरता दबतो.

सर्वप्रथम आवाज नेमका कोणता आहे हे ठरवावे. रेसबरोबर चढणारी-उतरणारी अखंड शिट्टी अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून येते. पेट्रोल गाडीत रेसबरोबर जलद होत जाणारी टकटक ऐकू येत असेल, तर ती प्रज्वलन यंत्रणेची असते. त्यासाठी रेझिस्टर असलेले स्पार्क प्लग आणि चांगल्या प्रतीच्या हाय टेन्शन वायरी तपासाव्यात. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसल्यामुळे ही शक्यता तिथेच संपते. रेसशी काहीही संबंध नसलेला, पण ब्लोअर किंवा वायपर सुरू करताच येणारा आवाज त्या त्या मोटरचा असतो. फक्त रेडिओ ऐकतानाच खरखर येत असेल आणि फोनवरून गाणी लावल्यावर ती थांबत असेल, तर अँटेनाच्या बुडाशी बॉडीचा संपर्क गंजलेला आहे का ते पाहावे. या लेखात मुख्यतः अल्टरनेटरच्या शिट्टीचा विचार केला आहे, कारण पुन्हा पुन्हा परतण्याचा गुण तिच्यातच सर्वांत जास्त आहे.

ही शिट्टी कुठून येते हे समजले की पुढची तपासणी सोपी जाते. अल्टरनेटर मुळात थ्री-फेज एसी वीज तयार करतो आणि आतले सहा डायोड तिचे डीसीमध्ये रूपांतर करतात. पण हे रूपांतर पूर्ण सपाट नसते, त्यावर बारीक लहरी उरतात. रोटरला बारा ध्रुव असतील, तर त्याच्या एका फेऱ्यात अशा ३६ लहरी उठतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालत असेल आणि पुलीच्या गुणोत्तरामुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट वेगाने फिरत असेल, तर लहरींची वारंवारता सुमारे १२०० हर्ट्झ होते. इंजिन २४०० फेऱ्यांवर गेले की ती ३६०० हर्ट्झपर्यंत पोहोचते. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे विजेच्या दृष्टीने नगण्य असलेली ही लहर कानाला मात्र असह्य होते. प्रत्येक गाडीत ती असतेच. ती संगीताच्या सिग्नलमध्ये शिरायला वाट कुठे मिळाली, हा शोधाचा विषय आहे.

जुन्या फोर-बाय-फोरमध्ये ही वाट सहज मिळते आणि त्याचे कारण तिच्या बांधणीत आहे. या गाड्यांपैकी बहुतेकींची बॉडी शिडीसारख्या वेगळ्या चासीवर रबरी बुशांच्या आधाराने बसवलेली असते. रबर वीज वाहून नेत नाही. म्हणजे इंजिन, चासी आणि बॉडी हे तीन वेगळे धातूचे भाग एकमेकांशी जोडलेले राहतात ते केवळ दोन-तीन विणलेल्या अर्थ पट्ट्यांमुळे आणि काही बोल्टांच्या योगायोगी संपर्कामुळे. पंचवीस-तीस वर्षे चिखल, पाणी आणि उष्णता सोसलेल्या या पट्ट्या वरून धड दिसतात, पण आतल्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या असतात. कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा डॅशबोर्डातला छोटा रेडिओ त्यांच्यावरून जेमतेम एक-दोन ॲम्पिअर प्रवाह परत पाठवत होता. आता ॲम्प्लिफायर त्याच वाटेने वीस-पंचवीस ॲम्पिअर पाठवू पाहतो. जोडाचा रोध ०.०५ ओहम असेल तर २० ॲम्पिअर प्रवाहाला तिथे पूर्ण १ व्होल्टची घट होते. परतीची मुख्य वाट अशी अरुंद झाली की प्रवाहाचा काही हिस्सा हेड युनिट आणि ॲम्प्लिफायर यांना जोडणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो आणि अल्टरनेटरची लहर थेट सिग्नलमध्ये मिसळते. ॲल्युमिनियमचे पत्रे असलेल्या गाड्यांमध्ये आणखी एक भर पडते: पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की जोड झपाट्याने क्षरण पावतो. आज घासून चकचकीत केलेला अर्थ पॉइंट पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पांढरा पडतो, आणि शिट्टी परत येते.

तपासणी ॲम्प्लिफायरच्या बाजूने सुरू करावी. इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेले असताना शिट्टी ऐकावी आणि व्हॉल्यूम कमी-जास्त करून पाहावा. व्हॉल्यूमबरोबर शिट्टीही वाढत असेल, तर ती व्हॉल्यूमच्या आधीच, म्हणजे हेड युनिटच्या इनपुटकडून शिरत आहे. ऑक्स केबलने जोडलेला फोन त्याच वेळी गाडीच्या चार्जरवर असेल तर चार्जर काढून पाहावा, कारण अनेकदा एवढ्यावरच उत्तर मिळते. शिट्टी व्हॉल्यूमला दाद देत नसेल तर ती हेड युनिटनंतर शिरते. आता सिस्टिम बंद करून ॲम्प्लिफायरकडच्या आरसीए केबल काढाव्यात आणि पुन्हा सुरू करावी. शिट्टी तरीही राहिली, तर ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा किंवा तो ॲम्प्लिफायर स्वतःच संशयित ठरतो. शिट्टी थांबली, तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे असे मानून पुढे जावे. यानंतर चार्जरवर नसलेला, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा फोन योग्य केबलने थेट ॲम्प्लिफायरला जोडून गाणे लावावे, आवाज अर्थात आधी अगदी कमी ठेवून. गाणे स्वच्छ वाजले, तर हेड युनिट आणि ॲम्प्लिफायर यांच्या निगेटिव्हमध्ये विद्युतदाबाचा फरक आहे हे जवळजवळ निश्चित होते.

एक अपवाद इथेच सांगितला पाहिजे. काही हेड युनिटांत आरसीए आउटपुटची बाहेरची बाजू आत एका अतिशय बारीक फ्यूजमधून ग्राउंडला जोडलेली असते. सिस्टिम चालू असताना केबल काढ-घाल केली किंवा ॲम्प्लिफायरची अर्थ सुटली, तर हा फ्यूज क्षणात उडतो आणि त्यानंतर गाडीचे अर्थिंग कितीही सुधारले तरी शिट्टी जात नाही. तो उडाला आहे का हे पाहण्यासाठी मल्टिमीटरने आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून हेड युनिटच्या धातूच्या पेटीपर्यंत संपर्क लागतो का ते बघावे. काही उपकरणांत हा संपर्क मुद्दामच ठेवलेला नसतो, म्हणून एवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. उपकरणाच्या बाहेरच्या कड्यापासून पेटीपर्यंत तात्पुरती वायर लावताच शिट्टी थांबली, तर मात्र शंका उरत नाही.

आता मोजमाप. अर्थ चांगली आहे की नाही हे मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर तपासण्याची पद्धत सर्रास दिसते आणि तिच्यावर विसंबणे हेच तक्रार रेंगाळण्याचे मोठे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मीटर अगदी नगण्य प्रवाह सोडतो. पट्टीतली एकच तार शिल्लक असली तरी तो संपर्क पूर्ण असल्याचे दाखवतो, शिवाय त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध ०.२ ओहम किंवा अधिक असू शकतो. म्हणून भार चालू असताना विद्युतदाबाची घट मोजावी. इंजिन चालू ठेवावे, हेडलाइट आणि ब्लोअर लावावेत, गाणे बऱ्यापैकी मोठ्याने सुरू ठेवावे. मीटर डीसी व्होल्टवर लावून काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवावा. खांबावर म्हणजे खुद्द शिसाच्या खांबावर, त्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे. लाल प्रोब क्रमाने क्लॅम्प, इंजिन ब्लॉक, चासी, बॉडीचा उघडा धातू, हेड युनिटची काळी वायर आणि शेवटी ॲम्प्लिफायरचे निगेटिव्ह टर्मिनल येथे लावत जावे. ०.१ व्होल्टपर्यंतची घट ठीक समजावी, ०.२ च्या वर गेल्यास त्या टप्प्यावर काम करावे, आणि ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा एकदम उडी घेतो तिथेच दोष आहे असे समजावे. बॅटरीपासून चासीपर्यंत ०.०५ आणि चासीपासून बॉडीपर्यंत गेल्यावर ०.६ असे वाचन आले, तर नवी आरसीए केबल घेणे हा निव्वळ अपव्यय ठरतो.

त्यानंतर सिस्टिम बंद करून आरसीए केबल काढाव्यात आणि मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून, इंजिन व दिवे चालू असताना, हेड युनिटचे निगेटिव्ह आणि ॲम्प्लिफायरचे निगेटिव्ह यांमधील फरक मोजावा. आरसीए सिग्नलची कमाल पातळी बहुधा २ ते ४ व्होल्ट असते. त्यात २० मिलिव्होल्टची लहर मिसळली तरी गाण्याच्या संथ भागात ती स्पष्ट ऐकू येते.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. ॲम्प्लिफायरसाठी बॅटरीपासून वेगळी निगेटिव्ह केबल ओढण्याचा मोह होतो, आणि ॲल्युमिनियम बॉडीच्या गाडीत ती ओढावीच. परंतु गाडीच्या मूळ पट्ट्या त्याआधी नव्या कराव्यात. इंजिनाची पट्टी तुटलेली असेल तर सेल्फ मारताना लागणारा शेकडो ॲम्पिअर प्रवाह दुसरी वाट शोधतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर किंवा क्लचची केबल तापल्याचे प्रकार घडतात, आणि तुम्ही नुकतीच ओढलेली निगेटिव्ह केबल व आरसीएची नाजूक जाळी त्याच्या मार्गात येऊ शकतात. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून, दोन बॅटऱ्या असल्यास दोन्हींचे काढून, मगच कामाला हात घालावा. बॅटरीपासून इंजिन, बॅटरीपासून चासी आणि चासीपासून बॉडी अशा किमान तीन पट्ट्या निदान २५ चौरस मिलिमीटर जाडीच्या, दाबून बसवलेल्या तांब्याच्या लगांसह (बोल्टात अडकवायच्या टोकांसह) घ्याव्यात. जोडाच्या जागेवरचा रंग, प्रायमर आणि गंज पूर्ण खरवडून धातू उघडा करावा, दातेरी वॉशरसह नट-बोल्टने जोड घट्ट आवळावा आणि आवळल्यानंतर त्यावर ग्रीस किंवा रंग चढवावा. पत्र्यात सरळ घुसवलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो, म्हणून तो वापरू नये. सीटबेल्टच्या बोल्टाखाली लग अडकवण्याची पळवाट तर कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये. तो बोल्ट प्राण वाचवण्यासाठी आहे.

हेड युनिटची काळी वायर जुन्या गाडीत डॅशबोर्डाच्या एखाद्या पट्टीला जोडलेली आढळते, तर ॲम्प्लिफायरची अर्थ मागच्या फरशीला असते. ही दोन ठिकाणे एकाच दाबावर आणायची असतील, तर हेड युनिटची वायर तिथून सोडवून ४ चौरस मिलिमीटरच्या तारेने ॲम्प्लिफायरच्या अर्थ पॉइंटपर्यंत न्यावी. एवढ्या एका बदलाने शिट्टी कायमची गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

पॉझिटिव्ह बाजूला दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे केबलचा धातू. तयार किटमध्ये अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची वायर असते. तिचा रोध त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. १६ चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या तारेत ४० ॲम्पिअरला सुमारे ०.२ व्होल्टची घट होते, मुलाम्याच्या तारेत ती ०.३ च्या पुढे जाते. याहून वाईट म्हणजे टर्मिनलमध्ये आवळलेले ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरते, जोड सैल होतो आणि उघडी टोके ऑक्सिडाइज होतात. टोक खरवडून पाहावे: आतून चंदेरी रंग निघाला, तर ती तार बदलणेच शहाणपणाचे. दुसरी गोष्ट म्हणजे मार्ग. पॉझिटिव्ह केबल एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी, दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडाव्यात, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज असावा. विंचची (अडकलेली गाडी दोराने ओढणाऱ्या मोटरची) केबल असलेल्या गाडीत आरसीए तिच्या आसपासही नेऊ नये.

आरसीए केबलमध्ये बसवायचे आयसोलेटर आणि पॉझिटिव्ह वायरवरचे नॉइज फिल्टर हे शेवटचे उपाय समजावेत. आयसोलेटरच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते निगेटिव्हचा संपर्क तोडतात, म्हणून शिट्टी खरोखर थांबते. पण स्वस्त आयसोलेटर खालचे स्वर खाऊन टाकतात आणि गंजलेली पट्टी तशीच राहते. तीच पट्टी उद्या हेडलाइट मंद करील आणि सेल्फला त्रास देईल. ॲम्प्लिफायरचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) अवाजवी वाढवलेला असल्यास मात्र तो आधी खाली आणावा. हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांशापर्यंत नेऊन, गाणे फाटू लागण्याच्या अलीकडे गेन थांबवला की उरलीसुरली सूक्ष्म लहरही बहुधा ऐकू येईनाशी होते.

शिट्टीच्या जोडीला हेड युनिट अधूनमधून आपोआप बंद पडत असेल, तर स्पीकरच्या जुन्या वायरी संशयाच्या कक्षेत येतात. कित्येक जुन्या गाड्यांत दोन्ही बाजूंच्या स्पीकरांचे निगेटिव्ह एकत्र करून बॉडीला जोडलेले असते. आजच्या हेड युनिटांची रचना वेगळी आहे: त्यांच्या स्पीकर आउटपुटच्या दोन्ही तारा सक्रिय असतात आणि त्यांपैकी कोणतीही बॉडीला लागता कामा नये. लागल्यास उपकरण संरक्षणासाठी बंद होते किंवा त्याची आउटपुट आयसी जळते. दरवाजाच्या बिजागरीजवळ वाकून वाकून सोललेली तार बॉडीला टेकली तरी हेच घडते, आणि तेही फक्त दरवाजा विशिष्ट कोनात असताना. त्यामुळे हा दोष शोधायला चिवट असतो. प्रत्येक स्पीकरसाठी दोन स्वतंत्र नव्या तारा रबरी नळीतून ओढणे हाच यावरचा टिकाऊ उपाय आहे. पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड या गाड्यांच्या कंपनात टिकत नाहीत.

दरवाजातील स्पीकर काही महिन्यांत फाटल्यासारखे वाजू लागले, तर दोष बहुधा पाण्याचा असतो. काचेच्या रबरावरून दरवाजात पाणी उतरणे स्वाभाविक आहे आणि ते खालच्या छिद्रांतून बाहेर जाते. ट्रिमच्या, म्हणजे दरवाजाच्या आतल्या आवरणाच्या मागचा प्लास्टिकचा पडदा स्पीकर बसवताना फाडला गेला, तर हेच पाणी स्पीकरवर येते. पडदा पुन्हा चिकटवावा, छिद्रे मोकळी करावीत आणि कागदी कोनऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा कोन निवडावा. भोक पाडण्यापूर्वी काच पूर्ण खाली घेऊन मागची खोली मोजावी. चुंबक काचेला लागत असेल, तर जाड रिंग लावावी किंवा कमी खोलीचा स्पीकर घ्यावा.

अर्थिंगचे सर्व आकडे ०.१ च्या आत आले, जोड कोरडे आणि घट्ट आहेत, तरीही शिट्टी कायम आहे, अशी वेळ आली तर अल्टरनेटरकडे वळावे. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना बॅटरीच्या दोन्ही खांबांवर डीसी दाब १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. मीटर एसीवर नेल्यास वाचन ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी यावे, ०.५ च्या पुढे गेल्यास एखादा डायोड निकामी झाला आहे, आणि शिट्टीचा सूरही तेव्हा जाड, घोगरा होतो. अशा अल्टरनेटरची दुरुस्ती ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. तपासणीच्या नावाखाली चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढू नये. त्या क्षणी उसळणारा दाब नवे हेड युनिट आणि ॲम्प्लिफायर दोन्ही जाळू शकतो.

शेवटी, २४ व्होल्टच्या जुन्या गाड्यांबद्दल. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून साउंड सिस्टिम चालवली, तर ती बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाऊन उकळते. अशा गाडीत पुरेशा ॲम्पिअरचा २४ वरून १२ व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर बसवावा, त्याचे निगेटिव्ह ॲम्प्लिफायरच्याच अर्थ पॉइंटला जोडावे, आणि कन्व्हर्टर बसवल्यावर वर सांगितलेली एसी मिलिव्होल्टची मोजणी पुन्हा एकदा करावी, कारण कन्व्हर्टर स्वतःही आवाज निर्माण करू शकतो.